तांबड्या काचेमागची मनकर्णा

धोंडबाच्या घरात चेटकिणीचं मुंडकं होतं आणि तो दार लावून त्याच्याशी बोलत बसायचा, असं नागपुरात महाल भागातल्या आमच्या गल्लीत अजूनही सांगतात. असं सांगणाऱ्याच्या कानाखाली एक वाजवावी, असं मला वाटतं. आता वय झालं, हात उचलत नाही. पण तोंड शाबूत आहे, म्हणून एकदाचं नीट सांगून टाकतो.

मी बळीराम. इतवारीकडच्या एका टॉकीजमध्ये मशीनवर होतो, म्हणजे पिक्चर चालवायचो. धोंडबा तिथलाच पेंटर. मूळचा चितारी. बाप-आजा गणपती घडवायचे, हाही घडवायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते, तिच्यात मोहल्ल्यामोहल्ल्याचे बडगे असतात, बांबू-कागदाचे मोठाले पुतळे. आमच्या मोहल्ल्याच्या बडग्याचं डोकं दरवर्षी धोंडबाच करून द्यायचा. पण त्याच्या हातचं काही टिकायचं नाही हो. गणपती तलावात जायचे, बडगे जळायचे, आणि टॉकीजच्या बोर्डावरची हिरोईन शुक्रवार आला की पुसली जायची. तो कधी हळहळायचा नाही. म्हणायचा, "आपलं काम करून द्याचं हाय गा, जपून ठेवाचं नाही." बावाजीच होता एका परीनं. पण आयुष्यात एक वस्तू त्यानं जपून ठेवली. तिचीच ही गोष्ट.

चौसष्ट-पासष्ट साल असेल. आमच्याकडे एक भुताचं पिक्चर लागायचं होतं. काळं-पांढरं. त्यात एका हवेलीत काचेच्या कपाटात चेटकिणीचं मुंडकं ठेवलेलं असतं आणि वेळ आली की ते डोळे उघडतं. पिक्चर तसं टुकार होतं, मी रोज चार वेळा पाहिलंय, मला विचारा. पण ते मुंडकं बाकी जबरदस्त. आमचे मॅनेजर मनोहरराव यांच्या डोक्यात आलं, की तसंच मुंडकं टॉकीजच्या दारात, काचेच्या कपाटात ठेवायचं. त्यांनी धोंडबाला बोलावलं. "असं कर, का तिकीट काढाच्या आधीच पब्लिकचं पाणी पाणी झालं पायजे."

धोंडबा मातीचा गोळा घेऊन बसला. आता त्याच्या हाताला सवय देवाची. भूत करायला घेतलं की महालक्ष्मी व्हायची. डोळे वटारलेले केले तरी प्रसन्नच दिसायचे. दोनदा मोडलं, तिसऱ्यांदा चिडून गोळा भिंतीवर मारला. मी तिथंच ओट्यावर चहा घेत होतो. त्याची बायको मनकर्णा चुलीपाशी बसून हे सगळं पाहत होती. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"हासून काहून राहिली वं?" धोंडबा खेकसला.

"मंग काय करू? भूत कराले जिता माणूस पायजे. माहा चेहरा घ्या. आयतीच चेटकीण हाय तुमच्या घरात. नाही का हो, भाऊजी?"

मला म्हणाली हे. मनकर्णा दिसायला काही पिक्चरमधली नव्हती. काळीसावळी, गालाची हाडं वर आलेली, हनुवटीवर देवीचा एक व्रण. पण हसली की अंगण भरायचं. अशी हसरी बाई मी दुसरी पाहिली नाही आणि हे मी माझ्या बायकोसमोरही म्हटलेलं आहे.

तर तिच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचं ठरलं. भर दुपारी, अंगणात. तिला बाजेवर निजवली, तोंडाला तेल चोपडलं, केस फडक्यात बांधले. नाकात श्वासासाठी पपईच्या देठाच्या दोन नळ्या घातल्या. मग धोंडबानं वरून ओलं प्लास्टर थापलं. प्लास्टर घट्ट होईपर्यंत तोंड हलवायचं नाही, हे दहादा बजावलं होतं. पण बाईचं पोट हलायला लागलं. आतल्या आत हसत होती! धोंडबा वरून ओरडतोय, "हासू नको वं, साचा तडकन!" तसतसं पोट जास्तच हलतंय. मी तोंड फिरवून बसलो, नाही तर माझंही हसू तिला ऐकू गेलं असतं. तेवढ्यात त्यांची पोरगी, सत्यवती, आतून रांगत आली. आईच्या जागी पांढरा गोळा पाहून असा टाहो फोडला तिनं, की मी तिला उचलून बाहेर नेलं.

साच्यात कागदाचा लगदा दाबला, वाळवला. काढताना साचा फोडावाच लागला, त्याचे तुकडे झाले. पण आतून निघाली ती हुबेहूब मनकर्णा. मिटलेले डोळे, गालाची हाडं, व्रणसुद्धा. धोंडबा त्याच्याकडे पाहतच राहिला. मग त्यानं ब्रश उचलला. पिक्चर काळं-पांढरं, त्यामुळे रंग त्याच्या मनचे. राखेसारखा पांढुरका चेहरा, त्यावर तांबडे रक्ताचे ओघळ, तांबडे ओठ, आणि मिटलेल्या पापण्यांवर पिवळे-तांबडे उघडे डोळे, बुबुळ नसलेले. वर लाकडाचे सुळे चिकटवले, तागाच्या जटा लावल्या. महालक्ष्मीचा कुठं पत्ता राहिला नाही. मनकर्णा स्वतः दचकली.

आणि मग ती हसायची थांबली. आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाली, "हे पाहा, कोणालेच सांगू नका, का हा माहा चेहरा होय म्हणून. पोरीले तर बिलकुल नाही. माही शपथ हाय."

ती उगीच घाबरत नव्हती. आमच्या मागच्या गल्लीत एका विधवेला लोकांनी चेटकीण ठरवलं होतं. कोणाचं लेकरू आजारी पडलं की तिच्या दारावर दगड. शेवटी बिचारी रातोरात, लेकीचा हात धरून कुठं निघून गेली देव जाणे. त्या लेकीला मोहल्ल्यात काय काय ऐकावं लागलं, ते मनकर्णेनं पाहिलं होतं. चेटकिणीची पोरगी म्हणून सत्यवतीकडे कोणी बोट दाखवलेलं तिला नको होतं. धोंडबानं शपथ घेतली, मीही घेतली.

मुंडकं दारात लागलं आणि टॉकीजसमोर झुंबड उडाली. बाया पोरांचे डोळे झाकायच्या आणि स्वतः बोटांच्या फटीतून पाहायच्या. मनकर्णाही येऊन पाहून गेली. तिच्या शेजारच्या बाईनं मुंडक्याकडे पाहून थू थू केलं, तर ही घरी पोचेपर्यंत हसू दाबून होती आणि उंबरा ओलांडल्यावर भुईवर बसून हसली. पिक्चर उतरलं तसं मुंडकं जिन्याखालच्या खोलीत गेलं, जुन्या पोस्टरांच्या ढिगात. कोणाला आठवणही उरली नाही.

पुढच्या वर्षी मनकर्णेला विषमज्वर झाला. आठवड्याची झुंज होती फक्त. गेली.

 धोंडबा रोजचं काम करायचा, पोरीची वेणी घालायचा, भाकरी थापायला शिकला. पण बोलणं बंद. आणि एक दिवस बोलला तो हे, "बळीराम, माह्यापाशी तिचा एक फोटो नाही गा." खरंच नव्हता. लग्नात कोण फोटो काढतंय आमच्यात? स्टुडिओत जायचं दरवर्षी ठरायचं, आणि ती म्हणायची, नवं लुगडं येऊ द्या, मग जाऊ. दुनियेतल्या हिरोइनींचे चेहरे रंगवणारा माणूस, आणि बायकोचा कागदभर चेहरा घरात नाही. रागच आला मला त्याचा. 

मग तीनेक वर्षांनी जिन्याखालच्या खोलीत कागद शोधायला गेला असताना ते मुंडकं त्याच्या हाती लागलं. मी वर मशीनवर होतो. हा मुंडकं पोटाशी धरून जिना चढून आला आणि दारात उभा राहिला. "मनकर्णा हाय गा हे," म्हणाला, "मी इसरलोच होतो, का हे मनकर्णा हाय." रीळ संपत आलं होतं. मला धड बसताही येईना, उठताही येईना. पडदा पांढरा झाला, पब्लिकनं शिट्ट्या मारल्या, तेव्हा कुठं मी दुसरं मशीन सुरू केलं.

मनोहररावांना विचारून त्यानं ते घरी नेलं. सुळे काढून टाकले. जटा काढल्या, तिथं काळे केस लावून मागं नीट अंबाडा घातला. मग रंग. मी म्हटलं, खरवडून टाक ना, आत मनकर्णाच आहे. त्यानं कानामागं पातं लावून पाहिलं. रंगाबरोबर कागदाचा पापुद्राच निघून आला. कानाची पाळी गेली. धोंडबानं पातं ठेवून दिलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. रंग काढला तर चेहरा जाणार, ठेवला तर चेटकीण राहणार. रंग त्यानं स्वतःच्या हातानं दिलेला, तोही चांगला पक्का.

तरी तिच्यासाठी जागा करायची, हे त्याच्या मनानं घेतलं. टॉकीजच्या दारात फोटो लावायच्या काचेच्या चौकटी असतात ना, त्यातल्या मोडक्या दोन आणल्या. रंधा मारून, सांधून छान कपाट केलं. आतून तिच्याच जुन्या लुगड्याचं कापड ताणून बसवलं. खाली लाकडाची बैठक, मान टेकेल अशी. कपाटाला बाहेरून फळीची दारं, कोणाची नजर जाऊ नये म्हणून. एवढं सगळं केलं, पण आतला दिवा काही जमेना. खालून लावला तर टॉकीजच्या दारातलीच चेटकीण. वरून लावला तर नाकाची सावली ओठांवर, आणि ते ओघळ आणखी उठून दिसायचे. कंटाळून तो म्हणाला, "जाऊ दे गा. तिच्या नशिबात हेच रूप होतं."

मला आठवलं. इंटरव्हलमध्ये पडद्यावर रंगीत उजेड टाकायला आमच्याकडे काचा होत्या, हिरवी, निळी, तांबडी. जुन्या बाद झाल्या होत्या, त्या मी धोतराच्या ओच्यात घालून नेल्या. हिरवी धरली, तर देवा! धोंडबा ओरडलाच, काढ म्हणून. निळी धरली तर मेलेलं माणूस. मग तांबडी धरली.

काय सांगू. तांबड्या उजेडात तांबडा रंग दिसतच नाही, हे मी मशीनवाला, मला माहीत असायला हवं होतं, पण मी तरी कधी विचार केला होता? रक्ताचे ओघळ गेले. ओठांवरचं रक्त गेलं. पापण्यांवरचे ते पिवळे-तांबडे डोळे गेले. राहिला नुसता चेहरा, सावळा, ऊबदार, डोळे मिटलेला. दुपारी जेवून जरा आडवी झाल्यासारखी मनकर्णा समोर होती.

"आली का वं?" धोंडबा म्हणाला. एवढंच. मी काच दिव्यावर नीट बसवली आणि बाहेर येऊन भिंतीला तोंड करून रडलो. लाज कसली त्यात.

तेव्हापासून सत्यवती शाळेत गेली की तो दार लावायचा, कपाट उघडायचा, तांबडा दिवा लावायचा आणि बायकोशी बोलायचा. आज पोरीनं काय खाल्लं, गुरुजी काय म्हणाले, बोर्डावर कोणतं पिक्चर लागलं. एवढंच करायचा बिचारा. यात पूजा कुठं आली आणि करणी कुठं आली?

पण सत्यवतीनं ते कपाट एकदा स्वतः उघडलं. लहान होती, दिव्याचं तिला काय माहीत? दिवसाच्या उजेडात आत काय दिसलं असेल, ते सांगायला नको. दोन दिवस तापानं फणफणली, तापात बडबडली, आणि घरात मुंडकं आहे हे गल्लीभर झालं. तेव्हापासून त्या खोलीत ती एकटी पाय ठेवीना. शाळेतून आली की विचारायची, "बाबा, ते भूत झोपलं का?" धोंडबाच्या काळजाचं पाणी व्हायचं. मी म्हणायचो, सांग तिला, शपथ गेली खड्ड्यात, मनकर्णा वरून काही रागावणार नाही. तो म्हणायचा, लहान हाय, बाहेर बोलन, मोठी झाली का सांगीन. मोठी झाली, तर म्हणे लगन होऊ दे, सासरच्या माणसाइले कळलं तर काय म्हणतील. लगन झालं, तर म्हणे लेकरू होऊ दे. आणि खरं कारण मला माहीत होतं. ज्या तोंडाला पोरगी आयुष्यभर भ्यायली, ते तोंड तुझ्या आईचं, हे सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती.

सत्यवती दिली होती कळमेश्वरकडच्या एका गावात. ऐंशी-एक्याऐंशीला पहिली मुलगी झाली. श्रावणात लेकरू घेऊन माहेरी आली, आणि लेकराला डांग्या खोकला लागला. बाप्पा, तो खोकला! एवढंसं पोर, खोकता खोकता निळं पडायचं. डॉक्टरचं औषध सुरू होतं, पण उतार दिसेना. सत्यवती रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसलेली. धोंडबा डॉक्टरकडे पळायचा, टॉकीजला पळायचा. आणि शेजारच्या सिंधूताई. बाई वाईट नव्हती, लेकरासाठी तिचाही जीव तुटत होता. ती सत्यवतीला म्हणाली, "पोरी, रागावू नको, पण घरात तसलं मुंडकं ठेवलं तर लेकराले कसं बरं वाटन? तुह्या मायलेही त्याच्याच पायी जावं लागलं असन."

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी मारबत. पोळ्याच्या रात्री पाऊस झाला होता आणि धोंडबानं करून दिलेलं बडग्याचं डोकं ओट्यावर भिजून बसलं होतं. मोहल्ल्याचे पोट्टे सकाळी धोंडबाकडे आले, दुसरं काही आहे का विचारायला. धोंडबा घरी नव्हता, नव्या पिक्चरचा बोर्ड चढवायला टॉकीजवर आला होता. घरी सत्यवती. मांडीवर लेकरू.

आमच्याकडे त्या दिवशी घरातली पीडा बाहेर काढतात. मोडका झाडू, फुटकं सूप, आजाऱ्याच्या अंगावरचं फडकं, मारबतीबरोबर देऊन टाकायचं आणि म्हणायचं, घेऊन जा. दिलं ते गेलं. त्याला परत हात लावायचा नाही, परत घरात आणायचं तर नावच नको, कारण मग पीडाही त्याच्याबरोबर उंबऱ्याच्या आत येते. हे मी मानतो की नाही, तो प्रश्न नाही. आमच्या बाया मानतात. लहानपणच्या त्या दिवसानंतर सत्यवतीनं पहिल्यांदा त्या खोलीत एकटीनं पाऊल टाकलं. कपाट उघडलं, मुंडकं काढलं, लेकरावरून उतरवलं आणि पोट्ट्यांच्या हाती दिलं.

टॉकीजसमोरूनच मिरवणूक जायची. मी खाली बिडी ओढत होतो. धोंडबा शिडीवर, बोर्डाचे खिळे ठोकत. पुढून मारबतींचे बाईच्या रूपाचे मोठाले पुतळे, काळी गेली, पिवळी गेली, ढोल, गुलाल, मागून एकेक बडगे. "घेऊन जा गे मारबत! खोकला घेऊन जा गे मारबत!" आमच्या मोहल्ल्याचा बडगा हातगाडीवर होता, चांगला उंच. तो नेमका शिडीच्या समोर आला. धोंडबा वर होता, म्हणून त्याच्या नजरेला नजर भिडली तिची. अंबाडा विस्कटलेला. उन्हात तांबडे ओघळ लखलख करत होते. पोट्ट्यांनी हौसेनं पुठ्ठ्याची लांब जीभ लावली होती.

हातोडी माझ्या पायाशी पडली. वर पाहिलं तर धोंडबा शिडीवरून उतरत नव्हता, घसरत होता. "मनकर्णा!" एवढंच त्याच्या तोंडून निघालं. ढोलात कोणाला ऐकू गेलं नाही. आम्ही दोघं गर्दीत घुसलो. मी धक्के देत, शिव्या देत वाट काढली, धोंडबा माझ्या मागून. गाडीपर्यंत पोचलो. मी गाडीची दांडी धरली. पोट्टे आमच्याच मोहल्ल्याचे, मला ओळखून थांबलेही. धोंडबानं हात वर केला. आणखी वीतभर गेला असता तर हनुवटीला लागला असता.

तेवढ्यात गाडीच्या पलीकडून सत्यवती दिसली. अनवाणी. लेकरू पदरात गुंडाळलेलं, ते खोकतंय, आणि ही दोन्ही डोळे घट्ट मिटून, रडत रडत, गळा फाटेस्तोवर ओरडतेय, "घेऊन जा गे मारबत! माह्या लेकराचा खोकला घेऊन जा गे मारबत!" डोळे उघडले तर समोर बाप.

"बाबा," ती धावत आली, "मी देऊन टाकलं ते. रागावू नका. तुम्ही दुसरं कराल ना? बाबा, मुन्नी बरी होईन ना आता?"

मी तोंड उघडलं. हो, उघडलं होतं, शपथ गेली चुलीत. धोंडबानं माझं मनगट असं आवळलं, की हाड कडकडलं. त्याचा दुसरा हात अजून वरच होता, त्या चेहऱ्यापासून वीतभर. तो हात त्यानं खाली घेतला. लेकीच्या डोक्यावर ठेवला.

"होईन वं, माहे माय," तो म्हणाला. "बरी होईन. चांगलं केलं तू."

आणि मग गाडी पुढे निघाली तेव्हा तो सगळ्यांबरोबर ओरडला. मी कानानं ऐकलंय. "घेऊन जा गे मारबत." आवाज फुटत नव्हता, तरी ओरडला.

आम्ही शेवटपर्यंत गेलो. जाळताना कागदाला किती वेळ लागतो? भप्प झालं आणि गेलं. मनकर्णा दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी तिला निरोपही त्यानंच दिला. मला आजही त्या जाळाची आठवण आली की जेवण जात नाही.

लेकरू बरं झालं. औषधानं झालं असं मी म्हणतो, सत्यवती म्हणते मारबतीनं. म्हणू दे. धोंडबानं तिला कधीच काही सांगितलं नाही, आणि आता सांगण्यासारखं राहिलंही नव्हतं. तूच जाळलंस, असं कोणत्या बापानं लेकीला सांगावं? त्या रिकाम्या कपाटात सत्यवतीनं दूधपावडरचे डबे आणि लेकराचे कपडे लावले. दिव्यावरची तांबडी काच तिनं काढून ठेवली, उजेड नीट पडत नाही म्हणून.

पितृपक्ष आला. सत्यवती अजून माहेरीच होती. मनकर्णेच्या श्राद्धाला मी तिथंच जेवायला होतो. ती बापाला म्हणाली, "बाबा, एवढ्या हिरोइनी काढता तुम्ही, आईचं एक चित्र काढून द्या ना. मले ती आठवतच नाही. मुन्नीले दाखवीन, का ही तुही आजी होय."

 धोंडबानं पुठ्ठा घेतला, खिडकीपाशी बसला. चेहऱ्याची कड काढली. केस काढले, अंबाडा काढला. डोळ्यांपाशी ब्रश थांबला. थांबला तो थांबलाच. मी जवळ सरकलो. तो हळूच म्हणाला, "बळीराम, येत नाही गा. डोळे मिटले का ते रंगवलेलेच डोळे दिसते. ते ओघळ दिसते, ती जीभ दिसते. तिचं तोंड गेलं गा. माह्या डोक्यातूनही गेलं."

 तेवढ्यात सत्यवती लेकराला पाजून बाहेर आली आणि समोर पाय पसरून बसली. धोंडबानं तिच्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग खाली मान घालून भराभर ब्रश चालवला. तिचे डोळे काढले, तिचं नाक, तिचे ओठ. फक्त वयानं जरा वाढवले, कपाळावर मोठं कुंकू लावलं. हात सराईत. घटकाभरात चित्र झालं.

सत्यवतीनं ते दोन्ही हातांनी धरलं. तिला कळलं नाही. स्वतःचा चेहरा माणसाला कुठं नीट माहीत असतो? "अगं बाई, किती चांगली दिसे माही आई!" म्हणून तिनं त्या पुठ्ठ्याला पदरानं पुसलं, लेकराचं डोकं त्याच्यावर टेकवलं. मग माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही तर पाह्यली हाय ना तिले. अशीच होती ना?"

मनकर्णा अशी नव्हती. कुठूनच नव्हती. मी म्हटलं, "अशीच होती वं, बाई. हुबेहूब."

धोंडबा उठून ओट्यावर गेला आणि गुडघ्यात डोकं घालून हुंदके देऊन रडायला लागला. सत्यवती आतून म्हणाली, "रडू द्या त्याइले काका, आईची आठवण आली असन." आठवण येत नव्हती, म्हणून रडत होता तो.